पेंड्र्याचे मास्तर : पंडित माधवराव सप्रे





यंदा दिवाळीनंतर आपल्या शाळेत ग्रंथालयाशेजारची छोटी खोली वार्तापत्राच्या कामासाठी मोकळी करून दिली, हे आपणांस ठाऊक आहेच. एक संगणक, दोन टेबले, एक फळा आणि जुन्या अंकांचे कपाट एवढाच तिथला सरंजाम. विद्यार्थी-संपादक मंडळ शनिवारी दुपारी तिथे बसते. बातम्या गोळा होतात, मराठी आणि हिंदी पाने वेगवेगळी लावली जातात, शुद्धलेखनावरून वादही होतात.

गेल्या अंकात आपल्याकडून एक चूक झाली. क्रीडा महोत्सवाच्या बातमीत मुलींच्या धावण्याच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या मुलीऐवजी दुसऱ्याच मुलीचे नाव छापले गेले. चूक लक्षात आल्यावर मंडळात दोन तट पडले. काहींचे म्हणणे असे की शुद्धिपत्र छापावे. काहींना वाटले की अंक घरोघरी गेला आहे, आता चूक कबूल केली तर शाळेचेच नाव खाली जाईल, तेव्हा गप्प बसावे. इयत्ता आठवीच्या एका विद्यार्थिनीने मला विचारले की क्षमा मागणे हा मोठेपणा असतो की कमीपणा. मी तेव्हा चटकन उत्तर दिले नाही. घरी गेल्यावर मला एका माणसाची आठवण झाली. त्याच्या आयुष्यात हाच प्रश्न फार मोठा होऊन उभा राहिला होता. तो मास्तर होता, संपादक होता, घरी मराठी बोलत होता आणि लिहीत होता हिंदीत. आपल्या ग्वाल्हेरशीही त्याचा संबंध होता. त्याचे चरित्र आज थोडक्यात सांगते. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे शाळेत असताना त्यांचे नाव मी हिंदीच्या पुस्तकात वाचले होते. ते घरात मराठी बोलणारे होते हे मात्र पुष्कळ उशिरा कळले.

जन्म आणि बालपण

माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. त्या वेळी हा भाग मध्य प्रांतात होता. वडिलांचे नाव कोंडोपंत आणि आईचे लक्ष्मीबाई. घराणे मूळचे कोकणातले. आपल्यापैकी अनेकांची घराणी जशी पोटापाण्यासाठी उत्तरेकडे आली आणि इथलीच झाली, तसेच हेही घर. वडिलांच्या व्यवहारात खोट आली आणि मग हे कुटुंब बिलासपूरला वडील बंधू बाबूराव यांच्या आधाराने राहू लागले. माधवरावांच्या आयुष्यात या बाबूरावांचे स्थान वडिलांसारखेच होते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

मराठी घर, शेजारीपाजारी छत्तीसगढी बोली आणि शाळेत हिंदी, अशा तीन भाषांत हा मुलगा वाढला. मधल्या शाळेपर्यंतचे शिक्षण बिलासपूरला झाले. हायस्कूलसाठी ते रायपूरला आले. तिथे त्यांना नंदलाल दुबे नावाचे शिक्षक भेटले. दुबे मास्तर स्वतः लेखन करणारे होते. त्यांच्यामुळे माधवरावांना हिंदी साहित्याची गोडी लागली. एखादा चांगला शिक्षक वेळेवर भेटला तर मुलाच्या आयुष्याला कसे वळण लागते, हे शिक्षक बंधुभगिनींनी ध्यानात घ्यावे असे आहे.

ठेकेदारी, नुकसान आणि ग्वाल्हेर

मॅट्रिक झाल्यावर माधवराव जबलपूरच्या कॉलेजात गेले, पण शिक्षण सलग झाले नाही. मध्येच त्यांनी सरकारी बांधकामाचा ठेका घेऊन पाहिला. त्यांचा स्वभाव हिशेबी नव्हता. धंद्यात नुकसान आले आणि ठेकेदारी तिथेच संपली. सरकारी नोकरीची संधी त्यांच्या समोर आली होती. त्या काळी नायब तहसीलदाराची जागा म्हणजे घराण्याचे भाग्य उजळले असे मानत. माधवरावांनी ती नाकारली.

मग ते ग्वाल्हेरला आले. इथल्या व्हिक्टोरिया कॉलेजातून १८९६ साली ते एफ.ए. झाले. हे व्हिक्टोरिया कॉलेज म्हणजेच आजचे महाराणी लक्ष्मीबाई महाविद्यालय. आपल्या शाळेतले कितीतरी माजी विद्यार्थी पुढे त्याच इमारतीत शिकले. अटलबिहारी वाजपेयी यांचेही शिक्षण तिथेच झाले. पुढच्या वेळी त्या फाटकावरून जाल तेव्हा लक्षात ठेवा की एकेकाळी धंद्यात हरलेला, पुन्हा पुस्तके उघडून बसलेला एक पंचवीस वर्षांचा मराठी तरुणही तिथून ये-जा करत होता. त्यानंतर कलकत्ता विद्यापीठाची बी.ए. पदवी त्यांनी मिळवली. वकिलीचा अभ्यासही सुरू केला होता, पण तो पुरा केला नाही.

बी.ए. झालेल्या माणसाला त्या काळी नोकरीची वाण नव्हती. माधवराव मात्र बिलासपूरच्या उत्तरेला असलेल्या पेंड्रा या आडगावी गेले आणि तिथल्या राजकुमाराचे शिक्षक झाले. या नोकरीत मान बेताचा, गाव डोंगराळ, आजूबाजूला जंगल. पण त्यांच्या मनात एक बेत होता. पगारातून पैसे वाचवायचे आणि एक मासिक काढायचे.

छत्तीसगढ मित्र

जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' या हिंदी मासिकाचा पहिला अंक निघाला. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, मालक-प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिन्ही नावे पाहा. तिघेही मराठी, आणि मासिक हिंदी. जिथे आपण राहतो, जिथले अन्न खातो, तिथल्या लोकांना ज्ञान मिळावे ही त्यांची इच्छा होती. म्हणून त्यांनी मासिकाला त्या प्रदेशाचेच नाव दिले. छत्तीसगढ हे राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. मासिकाच्या मुखपृष्ठावर ते नाव त्याच्या शंभर वर्षे आधी आले होते. आज पेंड्रा हे नाव एका जिल्ह्याच्या नावातही आहे. गौरेला-पेंड्रा-मरवाही हा जिल्हा फेब्रुवारी २०२० मध्ये झाला.

पेंड्र्यात छापखाना नव्हता. लिहायचे पेंड्र्याला आणि छापायचे रायपूरला, अशी सगळी कसरत. पुढे छपाई नागपूरला होऊ लागली. आज आपल्या संपादक मंडळातील मुले प्रिंटर अडला की हैराण होतात. त्यांनी थोडी कल्पना करावी. हाताने लिहिलेला मजकूर दुसऱ्या गावी पाठवायचा, खिळे जुळवणाऱ्याने तो जुळवायचा, प्रुफे परत यायची, दुरुस्त होऊन पुन्हा जायची, आणि मग छापलेले अंक टपालाने वर्गणीदारांकडे रवाना व्हायचे. हे सारे करणारा माणूस उरलेल्या वेळात राजवाड्यात शिकवणी करत होता.

या मासिकाचे एक वैशिष्ट्य म्हणजे पुस्तकांचे परीक्षण. नवे पुस्तक आले की त्यावर लेखकाची स्तुती करून मोकळे व्हायचे, अशी तेव्हा रीत होती. सप्रे यांनी पुस्तकातले गुण आणि दोष दोन्ही मांडायला सुरुवात केली. मोठ्या नावाच्या लेखकांच्या चुकाही दाखवल्या. हिंदीत समीक्षेचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते, ते यामुळे.

याच मासिकात १९०१ साली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटी कथा आली. हिंदीतील पहिली मौलिक कथा कोणती यावर विद्वानांत मतभेद आहेत, पण अनेक जण हा मान याच कथेला देतात. कथा दीड-दोन पानांची आहे. एका जमीनदाराला आपल्या हवेलीचे आवार वाढवायचे असते. आड येते एका गरीब विधवेची झोपडी. तो कोर्टकचेरी करून ती बळकावतो. म्हातारीची नात जेवत नाही, आपल्या घरीच चल म्हणून हट्ट धरते. म्हातारीला वाटते की त्या झोपडीतली टोपलीभर माती आणून चूल घातली तर पोर जेवेल. ती परवानगी घेऊन माती भरते आणि टोपली डोक्यावर ठेवायला जमीनदाराचाच हात मागते. त्याच्याने टोपली हलत नाही. तेव्हा ती त्याला जाणीव करून देते की या एका टोपलीचा भार सोसत नाही, तर त्या झोपडीतल्या हजारो टोपल्या मातीचा भार तो जन्मभर कसा वाहणार. जमीनदाराचे डोळे उघडतात. तो तिची क्षमा मागतो आणि झोपडी परत देतो.

ही कथा लिहिणारा लेखक पुढे सात वर्षांनी स्वतःच क्षमेच्या प्रश्नात सापडणार होता.

तीन वर्षे मासिक चालले. वर्गणीदार थोडे, वर्गणी चुकवणारे पुष्कळ. तोटा वाढत गेला आणि डिसेंबर १९०२ मध्ये मासिक बंद पडले.

कोशाचे काम आणि ग्रंथमाला

मासिक बंद पडले म्हणून माधवराव बसून राहिले नाहीत. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने त्या काळी हिंदीत शास्त्रीय परिभाषेचा कोश करायला घेतला होता. भूगोल, खगोल, गणित, रसायन, भौतिकी, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र या विषयांचे इंग्रजी शब्द घेऊन त्यांना हिंदी प्रतिशब्द द्यायचे, असे ते काम. त्यातला अर्थशास्त्राचा भाग सप्रे यांच्याकडे होता. हा कोश १९०६ साली प्रसिद्ध झाला. कॉमर्सचे विद्यार्थी आज जे हिंदी पारिभाषिक शब्द सहज वापरतात, त्यांच्यामागे अशा माणसांची मेहनत आहे.

नागपूरला राहून १९०६ साली त्यांनी 'हिंदी ग्रंथमाला' सुरू केली. बंगालची फाळणी १९०५ साली झाली होती आणि देशभर स्वदेशीची लाट होती. सप्रे यांनी स्वदेशी चळवळ आणि बहिष्कार या विषयावर एक निबंध लिहिला. तो पुस्तकरूपाने निघाला, आणि पुढे सरकारने त्यावर बंदी घातली.

हिंदी केसरी

लोकमान्य टिळकांचा 'केसरी' मराठीत होता. हिंदी प्रांतातील लोकांना टिळकांचे विचार त्यांच्या भाषेत मिळावेत म्हणून सप्रे यांनी १३ एप्रिल १९०७ रोजी नागपूरहून 'हिंदी केसरी' हे साप्ताहिक सुरू केले. 'केसरी'तले लेख हिंदीत येऊ लागले. लिखाणाला धार होती आणि वाचकांत उत्साह होता. सरकारची नजर अर्थातच पडली.

१९०८ साल आले. २४ जूनला टिळकांना अटक झाली. जुलैत त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि पुढे ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्यानंतर महिनाभराने, २२ ऑगस्टला, नागपुरात माधवराव सप्रे पकडले गेले. आरोप राजद्रोहाचा, भारतीय दंड विधानाचे कलम १२४ अ. 'देशसेवक'चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर हेही त्याच सुमारास पकडले गेले.

माधवरावांची प्रकृती बरी नव्हती. घरची स्थिती नाजूक होती. सरकारकडून असे सुचवले जात होते की माफी लिहून द्या आणि सुटा. ते तयार नव्हते. तेव्हा वडील बंधू बाबूराव मध्ये पडले. ज्यांनी लहानपणापासून सांभाळले, शिकवले, तेच बाबूराव. माफी लिहून दिली नाही तर आपण जीव देऊ, अशी निर्वाणीची भाषा त्यांनी केली, असे चरित्रकार सांगतात. भाऊ म्हणून बाबूरावांना दोष देणे सोपे नाही. आजारी धाकटा भाऊ तुरुंगात मरेल ही भीती त्यांना होती. माधवरावांनी अखेर माफीपत्रावर सही केली. नोव्हेंबर १९०८ मध्ये त्यांची सुटका झाली.

मुलांनो, चरित्र सांगताना पुष्कळदा असा प्रसंग गाळून पुढे जातात. आमच्या शाळेतल्या पुस्तकातही तो गाळलेला होता. मला तसे करावेसे वाटत नाही. माधवराव सप्रे यांना समजून घ्यायचे असेल तर हाच प्रसंग मध्यभागी ठेवावा लागतो.

प्रायश्चित्त

सुटका झाली, पण घरी परत आलेला माणूस पूर्वीचा राहिला नव्हता. टिळक मंडालेला कोठडीत आणि आपण मोकळे, हे त्यांना सहन होईना. लोकांत टीका झाली. 'हिंदी केसरी' पुढे फार काळ टिकला नाही. माधवरावांनी टीकेला उत्तरे दिली नाहीत. भावाच्या हट्टामुळे सही केली असे सांगून स्वतःची सुटकाही करून घेतली नाही. चूक आपली आहे असे त्यांनी मानले.

चांगले शिकलेले, प्रतिष्ठित घरातले, नावाजलेले संपादक असे माधवराव आता मधुकरी मागू लागले. मधुकरी म्हणजे काय हे आजच्या मुलांना कदाचित माहीत नसेल. दारोदार जाऊन शिजवलेल्या अन्नाची थोडी थोडी भिक्षा घ्यायची आणि तेवढ्यावरच जेवायचे, याला मधुकरी म्हणतात. ज्या गावात लोक नावाने ओळखतात तिथे झोळी घेऊन उभे राहणे म्हणजे आपला सारा मान खाली ठेवणे.

याच काळात ते वर्ध्याजवळच्या हनुमानगढी येथे समर्थ संप्रदायातील श्रीधर विष्णू परांजपे यांच्याकडे जाऊन राहिले. तिथे त्यांनी समर्थ रामदासांच्या दासबोधाची पुन्हा पुन्हा पारायणे केली. घरात लहानपणापासून ऐकलेला हा मराठी ग्रंथ आता त्यांना आधार झाला. आणि मग संपादकाचा मूळ स्वभाव जागा झाला. जे आपल्याला उपयोगी पडले ते इतरांपर्यंत पोहोचवले पाहिजे. त्यांनी दासबोध हिंदीत आणला. मनाला बसलेला धक्का त्यांनी कामात जिरवला.

रायपूरला परतल्यावर त्यांनी मुलींसाठी जानकीदेवी महिला पाठशाळा सुरू केली. मुलींनी शिकावे असे म्हणणारे लोक त्या काळी बरेच होते. स्वतःच्या मुलीला शाळेत पाठवणारे मात्र थोडे होते. घराघरांत जाऊन पालकांना समजावणे, वर्ग चालवणे, पैसा जमवणे ही कामे त्या काळी किती कठीण होती, हे शाळा चालवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. आपले विश्वस्त मंडळ हे जाणते.

गीतारहस्य

टिळक जून १९१४ मध्ये मंडालेहून सुटून आले. तुरुंगात लिहिलेले 'गीतारहस्य' १९१५ साली मराठीत प्रसिद्ध झाले. इतका मोठा, अवघड ग्रंथ हिंदीत कोण आणणार, हा प्रश्न होता. हे काम माधवराव सप्रे यांच्याकडे आले.

या गोष्टीचा अर्थ नीट पाहा. ज्या लढ्यात टिळकांनी सहा वर्षे तुरुंग भोगला, त्याच लढ्यात सप्रे यांनी माफी लिहून दिली होती. तरी टिळकांचा सर्वात मोठा ग्रंथ हिंदी वाचकांच्या हाती देण्याची जबाबदारी त्यांनाच मिळाली. विश्वास परत मिळाला तो कामातून. आजही हिंदी प्रांतात 'गीतारहस्य' वाचले जाते ते सप्रे यांच्या अनुवादात. पुस्तक मंडालेत पेन्सिलीने लिहिले गेले आणि हिंदीत ते आणले त्या सुटकेचे ओझे वाहणाऱ्या माणसाने.

त्यानंतर चिंतामणराव वैद्य यांच्या महाभारतावरील मराठी ग्रंथाचा अनुवादही त्यांनी केला. तो 'महाभारत मीमांसा' या नावाने प्रसिद्ध आहे. दासबोध, गीतारहस्य, महाभारत मीमांसा. मराठीतून हिंदीत नेलेले हे तीन ग्रंथ म्हणजे दोन भाषांमधला पक्का पूलच.

कर्मवीर आणि पडद्यामागचा माणूस

१७ जानेवारी १९२० रोजी जबलपूरहून 'कर्मवीर' हे साप्ताहिक निघाले. त्याच्या उभारणीत सप्रे यांचा मोठा वाटा होता. त्यासाठी त्यांनी माणसे जोडली, पैसा उभा केला, धोरण ठरवले. पण संपादक म्हणून त्यांनी स्वतःचे नाव घातले नाही. खांडव्याला शिक्षक राहिलेले तरुण कवी माखनलाल चतुर्वेदी यांना त्यांनी त्या खुर्चीवर बसवले. चतुर्वेदी पुढे हिंदीतील मोठे कवी आणि निर्भय संपादक म्हणून गाजले. १९२१ मध्ये ते राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगातही गेले. आपल्या हातून जे राहिले ते पुढच्या पिढीच्या हातून व्हावे, असे सप्रे यांना वाटले असेल का? हे आपण फक्त तर्काने म्हणू शकतो. पण पुढच्या माणसाला जागा करून देऊन स्वतः मागे उभे राहणे त्यांना जमत होते, एवढे नक्की.

असहकाराच्या काळात रायपूरला राष्ट्रीय विद्यालय सुरू झाले, त्या कामातही ते आणि त्यांचे जुने सोबती वामनराव लाखे पुढे होते. मासिक काढताना जोडलेली मैत्री वीस वर्षांनंतरही टिकली होती.

१९२४ साली देहरादून येथे झालेल्या अखिल भारतीय हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद माधवराव सप्रे यांना देण्यात आले. घरी मराठी बोलणाऱ्या माणसाला हिंदीच्या घरातला सर्वात मानाचा पाट मिळाला.

२३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे चौपन्न. मागे संपत्ती म्हणावी असे काही नव्हते. रायपूरला आज त्यांच्या नावाची शाळा आहे. भोपाळला १९८४ साली, त्यांच्या जन्मदिनी म्हणजे १९ जूनला, त्यांच्या नावाने वृत्तपत्रांचे संग्रहालय सुरू झाले. जुनी वृत्तपत्रे आणि मासिके तिथे जतन केलेली आहेत. पुढच्या सहलीत वरच्या वर्गांना ते दाखवावे असा विचार आहे. पालकांनी सहकार्य करावे ही विनंती.

आपल्यासाठी

आपल्या समाजातले काही पालक मला विचारतात की इथे राहून मराठी शिकवायची तरी किती, मुलांना नोकरी तर हिंदी-इंग्रजीतच करायची आहे. काही आजोबा-आजी उलट विचारतात की शाळेच्या वार्तापत्रात हिंदी पाने कशाला. दोघांनाही उत्तर म्हणून मी सप्रे यांचे नाव सांगेन. त्यांच्याकडे मराठी पक्की होती, म्हणूनच हिंदीला देण्यासारखे त्यांच्याजवळ काही होते. दासबोध ज्याने वाचलाच नाही तो त्याचा अनुवाद काय करणार? आणि ज्याला शेजाऱ्याची भाषा परकी वाटते, तो आपल्याकडचे चांगले शेजाऱ्याला देणार कसे? काशीचे बाबूराव विष्णु पराडकर आणि लक्ष्मण नारायण गर्दे, आपल्याच भागात जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध, ही सारी याच वाटेवरची माणसे.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येते. क्षमा मागणे हा मोठेपणा की कमीपणा?

सप्रे यांच्या चरित्रात क्षमेची दोन रूपे दिसतात. एक त्यांच्या कथेतल्या जमीनदाराची. त्याने अन्याय केला होता, तो कळल्यावर त्याने क्षमा मागितली आणि झोपडी परत दिली. त्या क्षमेने तो माणूस मोठा झाला. दुसरी क्षमा त्यांनी स्वतः लिहून दिली, ती खरे लिहिल्याबद्दल. तिचे दुःख त्यांना अखेरपर्यंत राहिले. चुकीचे छापले असेल तर ज्याचे नुकसान झाले त्याची क्षमा मागावी, उघडपणे मागावी, आणि त्याचे जे हिरावले ते परत करावे. खरे छापले असेल तर कोणी डोळे वटारले म्हणून ते मागे घेऊ नये. या दोहोंतला फरक ज्याला कळला तो संपादक होण्यास लायक झाला, असे मी मानते. आणि माणूस म्हणून एखादे वेळी पाऊल घसरलेच, तर रडत न बसता पुन्हा कामाला लागावे. घसरलेल्या माणसालाही पुढे अठरा वर्षे उत्तम काम करता येते, हे सप्रे यांनी दाखवून दिले आहे.

तेव्हा संपादक मंडळाच्या निर्णयानुसार या अंकाच्या पहिल्याच पानावर शुद्धिपत्र दिले आहे. ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात नको, असा आग्रह मुलांनीच धरला. शर्यतीत पहिली आलेल्या विद्यार्थिनीचे नाव आणि छायाचित्र तिथे छापले आहे. जिचे नाव चुकून छापले गेले होते तिने स्वतः येऊन मंडळाला मदत केली, हे इथे आनंदाने नमूद करते.

पेंड्र्याच्या मास्तरांजवळ ना संगणक होता, ना गावात छापखाना. आपल्याजवळ खोली आहे, यंत्र आहे आणि वाचणारी चारशे घरे आहेत. मुलांनो, बातमी लिहिण्यापूर्वी दोनदा विचारा, नाव लिहिण्यापूर्वी तीनदा तपासा. पालकांनी अंक घरात मोठ्याने वाचून घ्यावा आणि चूक दिसल्यास अवश्य कळवावी. वार्ता-कक्षाबाहेर त्यासाठी एक पेटी लावली आहे.

आपली,
प्राचार्या